दाव की, कसा आलाय

फिल्मवर एका फोटोला साधारण ४० रुपये पडतात. ३६ फोटोंचा रोल ९०० रुपयांच्या आसपास, तो धुवून स्कॅन करून घ्यायचे ५००, करा भागाकार. फोनवर तोच फोटो फुकट येतो आणि दहापैकी नऊ वेळा जास्त स्वच्छ येतो. त्यामुळे आठ वर्षं डिजिटल वापरून कुणी परत फिल्मकडे वळलं, की लोक ‘का?’ असं विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं. ‘माझ्या पगारात परवडतं’ हे काही उत्तर नाही. परवडतं म्हणून माणूस काय काय करतो.

या ‘का’ची तयार उत्तरं बाजारात भरपूर मिळतात. फिल्म थांबायला शिकवते. फिल्म खरी असते. फिल्ममध्ये आत्मा असतो. यातलं शेवटचं उत्तर मी लगेच बाजूला ठेवतो, कारण फिल्ममध्ये काय असतं ते नीट माहीत आहे: प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. हे जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, पण जुन्या निगेटिव्हची पाकिटं भरलेला बुटांचा खोका देवघराच्या बरोबर वरच्या फळीवर आहे आणि आजवर कुणाची हरकत आलेली नाही. (मी अजून सांगितलेलं नाही.)

उरलेली दोन उत्तरं मात्र मी स्वतःही काही काळ देत होतो, म्हणून त्यांच्याकडे जरा नीट बघू.

‘फिल्म थांबायला शिकवते’ म्हणजे काय? ३६च फोटो आहेत, प्रत्येकाला पैसे पडतात, म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो. ऐकायला छान आहे. पण हा गुण फिल्मचा नसून टंचाईचा आहे, आणि टंचाई कुठेही तयार करता येते. फोनवर दिवसाला ३६ फोटोंची मर्यादा घालणारं अ‍ॅप मी एका शनिवारी दुपारी लिहू शकतो. तुम्ही ते सोमवारी अनइन्स्टॉल कराल, हा मुद्दा बरोबर आहे. पण मग आपण फोटोग्राफीबद्दल बोलत नसून आपल्या मनगटात किती जोर आहे याबद्दल बोलतोय. कपाटाला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्यांकडे देणाऱ्या माणसाला आपण संयमी म्हणत नाही.

शिवाय फिल्मनेही हावरटपणा थांबत नाही. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा फोटोग्राफर १९८४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे २,५०० रोल असे निघाले, की जे काढून झाले होते पण धुतलेसुद्धा नव्हते. ३६ने गुणलं तर ९०,००० फोटो, जे काढणाऱ्यानेही पाहिले नव्हते. आपल्या फोनच्या गॅलरीची आपल्याला लाज वाटते, तेव्हा हा आकडा आठवावा. विनोग्रँडची एक सवय मला आवडते: तो काढलेले रोल मुद्दाम बराच काळ तसेच ठेवायचा, म्हणजे काढताना जो आनंद झाला होता तो विसरून फोटोकडे फोटो म्हणून बघता यावं. पण हा संयम बघण्यातला झाला. काढण्यात तो आपल्यापेक्षा बेफाम होता.

आता दुसरं उत्तर: ‘फिल्म खरी असते.’ यात थोडं तथ्य आहे, आणि ते थोडं तांत्रिक आहे. आजच्या बहुतेक चांगल्या फोनमध्ये कॅमेरा उघडल्या क्षणापासून फ्रेम गोळा होऊ लागतात. आपण बटण दाबतो तेव्हा फोन दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या काही फ्रेम उचलतो, एकावर एक बसवतो, आकाश एकातून घेतो, चेहरा दुसऱ्यातून उजळतो. हाती येतो तो फोटो अनेक छोट्या क्षणांची सरासरी असतो. सरासरी वाईट नसते. माझं निम्मं काम सरासरी काढण्याचंच आहे. पण २०२३ साली एका रेडिटवाल्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, अंधाऱ्या खोलीत लांब उभं राहून फोनने त्याचा फोटो काढला आणि फोनने मूळ चित्रात नसलेले चंद्रावरचे खड्डे त्याला काढून दिले. फोनला चंद्र पाठ होता. (चंद्रावरून आठवलं: आपल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा उटीला कारखाना होता, तिथल्या रोलचं नाव ‘इंदू’. तो बिचारा दिसेल तेवढाच चंद्र काढायचा.)

म्हणून फिल्म खरी? फिल्म हे माणसांनीच ठरवलेलं रसायन आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्यात एक गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. शर्लीची कातडी नीट आली की फोटो बरोबर. सावळी माणसं त्या हिशोबात काळ्या डागासारखी यायची, आणि यात सुधारणा झाली त्यामागे, कोडॅकच्याच जुन्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार, चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्यांना तपकिरी रंगाच्या छटा हव्या होत्या. आपल्याकडच्या कितीतरी लग्नांच्या अल्बममध्ये नवरी पीठ लावल्यासारखी आणि तिचे मामा अंधारात बुडालेले दिसतात, त्याचं खापर सगळं स्टुडिओवाल्याच्या फ्लॅशवर फोडू नये.

तेव्हा खरेपणाच्या बाबतीत मला इतकंच म्हणता येतं: दोन्ही यंत्रं ढवळाढवळ करतात. फिल्मची ढवळाढवळ सगळ्यांसाठी सारखी आणि आधी ठरलेली असते. फोनची ढवळाढवळ समोर काय आहे ते ओळखून केलेली असते.

मग माझ्याजवळ उरलं काय? माझा कॅमेरा सेकंडहँड पेंटॅक्स के-१००० आहे, त्यात बॅटरी फक्त उजेड मोजायला लागते, बाकी सगळं स्प्रिंगा आणि दातेरी चाकं. त्यावर काम करताना जो फरक जाणवतो तो वेगळ्याच ठिकाणी आहे. डिजिटलमध्ये मी एका प्रसंगाचे ४० फोटो काढतो आणि रात्री त्यातला एक निवडतो. म्हणजे माझा निर्णय रात्री, घरी, पंख्याखाली होतो. समोरचा माणूस तेव्हा तिथे नसतो. फिल्मवर निर्णय तिथेच होतो, त्याच्यासमोर, आणि मग तो बदलत नाही. उजेड त्या कणांवर पडतो, चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण झालेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एकदाच लिहिता येणारी मेमरी आहे: अनडू नाही, रोलबॅक नाही. (रोलबॅक हा शब्द इथे भलताच आला, पण असू दे.)

हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. केलेल्या कृतीची जबाबदारी कृतीच्या क्षणीच घ्यायला लावणारं यंत्र, असं काहीतरी मी मित्रांना सांगत असे आणि ते मान डोलवत असत. मग मी हा कॅमेरा घेऊन वारीला गेलो.

पुण्यात आयटीत असलेल्या आणि कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाला आषाढात दिवे घाट चुकत नाही. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडकडे घाट चढते त्या दिवशी वळणावळणावर लेन्सा लावून माणसं उभी असतात. काही वळणांवर वारकऱ्यांपेक्षा आपणच जास्त आहोत की काय असं वाटतं. घाट संपल्यावर रस्त्याच्या कडेला एका दगडावर एक आजी बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, डोक्यावरचं तुळशी वृंदावन शेजारी उतरवून ठेवलेलं, पायाला फडकं बांधत होत्या. मी विचारलं, ‘आजी, एक फोटो काढू का तुमचा?’ त्यांनी पदर सारखा केला, वृंदावन उचलून मांडीवर घेतलं, सरळ बसल्या आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. मी एक फोटो काढला. एकच.

त्यांनी हात पुढे केला. ‘दाव की, कसा आलाय.’

मी म्हटलं, ‘यात दिसत नाही आजी, रोलचा कॅमेरा आहे. धुतल्यावर दिसेल.’

‘मग तुला दिसंल,’ त्या म्हणाल्या. ‘मला कसा दिसायचा?’

त्या रागावल्या नव्हत्या. बसचं वेळापत्रक विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. मी वहीत पत्ता लिहून घेतला, फोटो पाठवतो म्हटलं, त्या ‘बरं बाळा, माऊली’ म्हणाल्या आणि उठून दिंडीत मिसळल्या. पण त्या एका वाक्याने माझा सगळा सिद्धांत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला. जबाबदारी, निर्णय, क्षण या सगळ्यात मी एकटाच होतो. फोटोत दोन माणसं असतात, आणि दुसऱ्याच्या बाजूने पाहिलं तर फिल्मकडे परत जाणं म्हणजे त्याच्या हातातली एक गोष्ट काढून घेणं आहे.

ती गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यामागचा तो तीन इंची पडदा. डिजिटल कॅमेरा आला तेव्हा त्या पडद्याचं कौतुक फोटोग्राफरची सोय म्हणून झालं. पण फोटो काढला जाणाऱ्या माणसाला त्याने हे बळ दिलं, की तो तिथल्या तिथे म्हणू शकतो: दाखव. असला नको. डोळे मिटलेत, परत काढ. काढून टाक. गेल्या वीस वर्षांत आपल्या देशात अगदी साधी माणसंही हे हक्काने म्हणायला शिकली. मंडईतला भाजीवाला म्हणतो, ससून डॉकवरची कोळीण तर फारच स्पष्ट शब्दांत म्हणते. आणि मी, मला थांबायला शिकायचंय म्हणून, असा कॅमेरा गळ्यात घालून त्यांच्यासमोर जातो ज्यात दाखवायलाही काही नाही आणि पुसायलाही काही नाही.

इथे एक माहितगार आक्षेप घेता येईल, तो मीच घेतो. फोनवर ‘डिलीट केला बघा’ म्हणून दाखवलं तरी बऱ्याच फोनमध्ये तो फोटो ३० दिवस एका वेगळ्या फोल्डरमध्ये जिवंत असतो, आणि त्याआधीच क्लाउडवर चढला असेल तर विषयच वेगळा. म्हणजे पुसण्याचा हक्क अर्धा देखावाच आहे. मान्य. पण बघण्याचा हक्क देखावा नाही. आजींनी पुसायला सांगितलंच नव्हतं. त्यांना बघायचं होतं.

जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध फिल्म-पोर्ट्रेट घ्या. १९८४च्या डिसेंबरात स्टीव्ह मॅकरीने पाकिस्तानातल्या नासिर बाग निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. फिल्म कोडाक्रोम. जून १९८५मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि मग जगभर भिंतींवर लागला. मुलीचं नाव फोटोग्राफरने विचारून ठेवलेलं नव्हतं. २००२ साली तिला शोधून काढलं, तेव्हा कळलं की ती शरबत गुला. आणि तोपर्यंत तिने तो फोटो पाहिलाच नव्हता. १७ वर्षं तिचे डोळे सगळ्या जगाने पाहिले होते, तिनेच तेवढे नाहीत. त्याच मॅकरीला पुढे कोडॅकने कोडाक्रोमचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल दिला. ३६ फोटो, त्यातले काही त्याने मुंबईत हिंदी सिनेमातल्या नटांचे काढले. शेवटच्या रोलच्या त्या ३६ फ्रेमबद्दल फिल्मप्रेमी हळवे होऊन बोलतात. मीही बोललो आहे. शरबत गुलाच्या १७ वर्षांबद्दल त्या गप्पांमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

इथे पटकन दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो: म्हणजे फिल्म असभ्य आणि डिजिटल सभ्य. तसंही नाही. होमाई व्यारावाला या आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे.त शिक्षण, मग दिल्लीत तीस-एक वर्षं नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो. १९७० साली त्यांनी काम सोडलं, आणि त्याचं जे एक मोठं कारण त्या सांगत ते म्हणजे नव्या फोटोग्राफरांचं वागणं: धक्काबुक्की, समोरच्याची अदब न ठेवणं. हे १९७०चं आहे. तेव्हा सगळे फिल्मच वापरत होते आणि कुणाच्याच कॅमेऱ्यामागे पडदा नव्हता. होमाईबाईंना अदब कळायला पडदा लागला नाही, आणि बाकीच्यांना फिल्मने ती शिकवली नाही.

म्हणजे अदबीचा प्रश्न यंत्राने सुटत नाही. पण यंत्र बदललं की प्रश्नाची जागा बदलते, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डिजिटलमध्ये परवानगी नंतर मागता येते. आधी फोटो काढायचा, मग हसून स्क्रीन पुढे करायची, समोरचा खूश झाला तर झालीच परवानगी. खरं तर बहुतेक स्ट्रीट फोटोग्राफी अशीच चालते. फिल्मवर नंतर काही नाही, त्यामुळे जे विचारायचं ते आधी विचारावं लागतं, आणि आधी विचारलं की फोटो बदलतो. आजी पायाला फडकं बांधत होत्या, तो फोटो मला मिळालाच नाही. मला मिळाला तो पदर सारखा करून, वृंदावन मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या बाईंचा. आमच्या फोटोवाल्या ग्रुपमध्ये दुसरा फोटो ‘पोझ दिलेला’ म्हणून कमी दर्जाचा ठरतो. पायाचं फडकं खरं, वृंदावन खोटं.

हे मला आता अजिबात पटत नाही. त्यांना विचारल्यावर त्यांनी दोन सेकंदांत ठरवलं होतं की आपण कसे दिसावं. दमलेली म्हातारी नको, तुळस घेऊन चालणारी वारकरी. हा त्यांचा निर्णय होता आणि तो माझ्या निर्णयाइतकाच त्या फ्रेममध्ये आहे. आमच्या आजोबा-पणजोबांचे स्टुडिओतले फोटो बघा. मागे रंगवलेला पडदा, कोपऱ्यात कुंडी, काहींच्या अंगावर फोटोपुरता उसना घेतलेला कोट. त्या फोटोंना आपण हसतो. पण त्यांतला प्रत्येक माणूस स्वतःला हवा तसा बसलाय. आयुष्यात दोन-तीनदाच फोटो निघणार असेल तर तो आपल्या मर्जीचा असावा, एवढी साधी अपेक्षा. न विचारता टिपलेला ‘नैसर्गिक’ चेहरा जास्त खरा असतो, हे फोटोग्राफरांनी आपल्या सोयीचं तत्त्वज्ञान करून ठेवलंय असं मला वाटू लागलंय. माझा एक मित्र यावर म्हणतो, की मग जगातली निम्मी महान छायाचित्रं तू फेकून देणार. फेकून कशाला देऊ? पण ती काढायचा हक्क मला आपोआप मिळतो, हे मात्र मान्य नाही.

विचारणं आधी आलं, तरी बघणं राहतंच. त्यासाठी मी प्रिंट पाठवतो. वहीत आज २३ पत्ते आहेत. सहा बाय नऊ इंची प्रिंट, मागे पुठ्ठा, साध्या टपालाने. त्यातले किती पोचले याचा मला पत्ता नसतो. तिघांचे फोन आले, एक पाकीट ‘सापडत नाही’ असा शेरा मारून परत आलं. आजींचं परत आलेलं नाही, तेव्हा पोचलं असं धरून चाललोय. या कामात एक गंमत लक्षात आली. प्रिंट पाठवायची आहे हे माहीत असलं की रोल महिनोन्महिने कपाटात पडून राहत नाही. विनोग्रँडसारखं विसरून बघायची चैन मला करता येत नाही, कारण तिकडे कुणीतरी वाट बघतंय. निदान बघत असेल.

माझ्या त्याच मित्राने यावरही तोडगा काढला: ‘इन्स्टॅक्स घे ना.’ हा कॅमेरा लग्नांत, वाढदिवसांना बघितलाच असेल. फोटो तिथेच बाहेर येतो आणि दीड-दोन मिनिटांत हातात उमटतो. तीही फिल्मच. एका फोटोला पन्नास-साठ रुपये. पण त्यात निगेटिव्ह नसतं. जो बाहेर येतो तो एकच. म्हणजे तो त्यांना दिला की माझ्याकडे काहीच उरत नाही, आणि माझ्याकडे ठेवला तर मुद्दाच उरत नाही. मला हे कोडं मनापासून आवडलं, कारण फोटो नेमका कुणासाठी काढतोय हे त्यात लपवता येत नाही.

सध्या मी दोन्ही नेतो. आधी इन्स्टॅक्सवर एक काढतो आणि तो त्यांना देऊन टाकतो. तो पाहून त्यांना आवडलं आणि चालेल म्हणाले, तर पेंटॅक्सवर माझ्यासाठी एक. खर्चाचा हिशोब आता सांगत नाही. गेल्या तीन महिन्यांत बहुतेकांनी चालेल म्हटलं. दोघांनी नको म्हटलं. त्यातल्या दुसऱ्या मंडईच्या मागच्या बाजूला केळीची पानं विकायला बसणाऱ्या मावशी. त्यांनी पांढऱ्या कागदावर हळूहळू उमटणारा स्वतःचा चेहरा पूर्ण येईपर्यंत बघितला, शेजारणीला दाखवला, कमरेच्या पिशवीत नोटांमध्ये सरकवून ठेवला. मी पेंटॅक्स उचलून म्हटलं, ‘मावशी, आता एक माझ्यासाठी काढू?’

‘आला की चांगला,’ त्या म्हणाल्या. ‘आता अजून कशाला?’